ढणढण दोन की ढणढण चार

राजारामपुरी, कोल्हापूर
२० नोव्हेंबर २०२३

गुंड्या,

शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. बारा वर्षांनी लिहितोय. त्याआधी दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तुझ्या मोनानं उचलला. एकदा म्हणाली बाबा बाहेर गेलेत, दुसऱ्यांदा म्हणाली बाबा फोनवर बोलत नाहीत. 'तुमच्याशी बोलत नाहीत' असं म्हणायला पोरीची जीभ रेटली नसेल, एवढं मला कळतं. म्हणून मग आपली जुनी रीत. तू कबनूरला यंत्रमागावर कामाला लागलास तेव्हा आपण आंतर्देशीय पत्रांतून एकमेकांना अल्बमचे मार्क कळवायचो. तू दहापैकी अकरा द्यायचास आणि मी गणिताचा मास्तर असून ते चालवून घ्यायचो.

बातमी वाईट आहे. अंबादास शेठ गेले. दिवाळी संपली आणि दोन दिवसांत आटोपलं सगळं. मी स्मशानात गेलो होतो. त्यांच्या मुलाला मी कोण ते सांगावं लागलं. काय सांगणार? म्हटलं, तुमच्या वडिलांच्या शाहूपुरीतल्या दुकानात आम्ही कॅसेटी भरून घ्यायला यायचो. तो म्हणाला, तसले तर पुष्कळ यायचे. पण आपल्यासारखे आठ-दहाच होते रे. भावगीतं आणि लावण्या भरून देणारा माणूस आपल्यासाठी मुंबईहून थ्रॅश मेटल मागवायचा, कानावर हात ठेवून भरून द्यायचा, आणि बँडचं नाव वाचता येत नाही म्हणून लेबलवर लिहायचा 'ढणढण एक', 'ढणढण दोन'. एकाच अमेरिकन बँडचे चार अल्बम, आणि त्यावरून आपण दोघांनी अख्खं आयुष्य भांडण केलं. तुझा दोन, माझा चार. तुला नुसता वेग पाहिजे, बत्तीस मिनिटांत आठ गाणी आणि श्वास घ्यायला जागा नाही. मला चारमधली ती हळू सुरुवात, लांबलचक गाणी, मध्येच सगळं थांबून एकटी वाजणारी गिटार.

आता मुद्द्याचं. दोन हजार अकरा साली माझ्या घरात, चारचौघांसमोर, मी तुला म्हणालो, "मागाजवळ उभं राहून राहून तुझे कान गेलेत, तुला गिटार आणि खटखट यातला फरक काय कळणार?" सगळे हसले. तू चहा अर्धा टाकून उठलास आणि परत आला नाहीस. मला वाटलं येईल महिन्याभरात. मग माझाही ताठा. आज स्पष्ट लिहितो, मी हलकटासारखं बोललो. उलट तुझे कान माझ्यापेक्षा दसपट चांगले. जॉबर माणूस तू, नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं ओळखतोस. मला माफ कर.

सोबत पेन ड्राइव्ह आहे. दोन नव्यानं निघालाय, मूळ टेपवरून साफ करून. मी शेवटापर्यंत ऐकलाय आणि तुला काही सांगणार नाही. तू ऐक आणि कळव. आणि १४ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, दुपारी चार वाजता माझ्या घरी शेठच्या आठवणीत बैठक ठेवलीय. जुनी सगळी पोरं बोलावलीत. अवंतिका भाकरी आणि भोगीची भाजी करणार आहे. तू नाही आलास तर बैठकीला अर्थ नाही. पन्नाशी उलटली आपली. मला माझा मित्र परत पाहिजे, एवढंच.

तुझा
अभ्या

*

कबनूर
३ डिसेंबर २०२३

अभ्या,

पत्र मिळालं. फाडलं न्हाय. मोनाची आई म्हणली कुणाचं पत्र हाय एवढं जाडजूड, कोर्टाचं हाय का काय. म्हणलं, कोर्टाचंच हाय, कोल्हापूरच्या मास्तराचं.

शेठचं वाचून दोन दिवस जेवान गोड लागलं न्हाय. पहिल्यांदा मी त्येंच्या दुकानात गेलतो तवा नेसरीतनं नुकताच आलतो. अंगात गावाकडचा शर्ट. म्हणलं, ती ढणढण पाहिजे. मला खालवर बघून म्हणले, पावणं, कुठलं गाव? म्हणलं, नेसरी. म्हणले, तिथं बी ऐकत्यात व्हय असलं? म्हणलं, मी एकटाच ऐकतोय. मग चहा पाजला मला. तवापास्नं जाईल तवा चहा. चांगला माणूस गेला.

माफी-बिफी मागू नगंस. भांडणात माणूस कायबी बोलतंय. मी सोडून दिलंय ते कवाच. आणि माझं कान खणखणीत हायत. अजून लांबनं माग ऐकून सांगतो कुठला बोल्ट ढिला हाय आणि कुठला धोटा मार खायलाय. काम मात्र दिवाळीपास्नं बंद केलंय. कंटाळा आला. तीस वर्सं झाली, बास झालं की.

पेन ड्राइव्ह मोनानं लावून दिला. दोन ऐकला. एकदा न्हाय, दोनदा. लई साफ केलाय रं. आणि शेवट, मर्दा, शेवट! गाणं पळतंय, पळतंय, आणि ऐन भरात कट्टदिशी बंद. दोरा तुटला की माग थांबतो तसं. म्होरं काय बी न्हाय. तीस वर्सं झाली तरी त्या जागी काळजाचा ठोका चुकतोय. तुझ्या चारमधी हाय का असलं? तिथं शेवटाला गिटार रडत बसतंय, जाऊ का नको, जाऊ का नको करत. माझं मार्क तेच, दहापैकी अकरा.

भोगीला जमल असं वाटत न्हाय. घरात पावणं येणार हायत. वैनींना सांग, भाजीत बोरं घालायला इसरू नगा म्हणावं. फोन करू नगंस, पत्रच लिही. पत्रात बरं वाटतंय.

तुझा
गुंडू

*

राजारामपुरी, कोल्हापूर
११ डिसेंबर २०२३

गुंडू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी शाळेतून येऊन बूटसुद्धा काढले नव्हते. तसाच दारात उभा राहून वाचलं. अवंतिका म्हणाली, काय झालं, कुणी गेलं का?

तू दोन ऐकलेला नाहीस. दोनदा नाही आणि एकदाही नाही. सांगतो कसं ते. आपल्याला वाटायचं शेवटचं गाणं कट्टदिशी थांबतं. ते तसं नाहीच. शेठनी बत्तीस मिनिटांचा अल्बम कॅसेटच्या एका बाजूला बसवायला घेतला होता, आणि बाजू होती तीस मिनिटांची. टेप संपली म्हणून गाणं थांबलं. पुढं दोन मिनिटं आहेत, गुंडू. वेग हळूहळू उतरतो, ड्रम गळून पडतात आणि शेवटी एकटी गिटार उरते. आपण तीस वर्षं ज्या शेवटावरून भांडलो तो बँडनं केलेलाच नाही, तो शेठच्या कॅसेटनं केलाय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो आणि मग रडू आलं, आणि पहिला विचार आला की हे गुंड्याला ऐकवायचं. म्हणून पेन ड्राइव्ह पाठवला. म्हणून लिहिलं की काही सांगणार नाही.

आणि तू त्याला हातसुद्धा लावला नाहीस. जुन्या आठवणीवर चार ओळी खरडल्यास आणि वर 'लई साफ केलाय' म्हणून माझ्या तोंडाला पानं पुसलीस. तुला राग आहे तर सरळ लिही की राग आहे. मी माफी मागितली ती मनापासून मागितली होती. 'सोडून दिलंय' लिहायचं, फोनवर पोरीला पुढं करायचं, भोगीला कुठले तरी पाहुणे काढायचे, हे कशासाठी? मी काय वेडा आहे? एक बत्तीस मिनिटांची गोष्ट ऐकायला मागितली होती तुझ्याकडं.

बैठक होईल. यायचं तर ये, नाहीतर राहू दे. मी आता परत लिहिणार नाही.

अभिराम

*

कबनूर
२२ जानेवारी २०२४

अभ्या,

तू लिहिणार न्हाय म्हणलास म्हणून मीच लिवालोय. ह्या येळला एक बी शब्द खोटा न्हाय.

मला ऐकू येत न्हाय. थोडं न्हाय, काहीच न्हाय. मोना फोनवर म्हणली बाबा बोलत न्हाईत, ती खरं तेच बोलली. घरात समोर उभं राहून, ओठ हलवून सांगत्यात, न्हाय कळलं तर पोरीच्या जुन्या पाटीवर लिहून दाखवत्यात. मशीन लावून बघितलं दोन वर्सं. नुसती शिट्टी वाजायची आणि डोकं दुखायचं. डॉक्टर म्हणला, आतली नसच मेली, आता काय उपयोग न्हाय. काम मी सोडलं न्हाय, मालकानं सोडायला लावलं. माग बिघडलेला मला कळंना. पोरं पळत येऊन खांद्याला हात लावायची तवा मी बघायचा. तसला जॉबर कोण ठेवील? मालकाची चूक न्हाय त्यात.

आता अकरा सालचं. त्या आठवड्यात मी इचलकरंजीत डॉक्टरला कान दाखवलं हुतं. म्हणला, बारीक आवाज गेल्यात, हळूहळू सगळंच जाणार, मागापासनं लांब व्हा. मागापासनं लांब होऊन करू काय? घरात कुणाला सांगितलं न्हवतं. बायकोला बी न्हाय. आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या घरात चौघांच्या म्होरं तू तेच म्हणलास. मला वाटलं, ह्याला कसं कळालं? सगळी हसली तवा मला वाटलं सगळ्यांस्नी ठावं हाय. म्हणून उठलो. राग न्हवता रं तो. भ्या वाटलं.

नंतर तुझं माफीचं पत्र आलं. त्यात लिहिलंस, तुझे कान दसपट चांगले. आता त्याच्यावर मी काय लिहू? न्हाय बाबा, तू म्हणलास तेच खरं झालं, असं लिहू? हात उचलंना. म्हणून आठवणीतनं लिहिलं. पेन ड्राइव्ह खरंच लावला हुता. मोनानं आवाज मोठा केला, मी स्पीकरवर हात ठेवून बसलो. शेजारची बाई भांडाय आली. मी पुरी बत्तीस मिनिटं बसलो. शेवटाची दोन मिनिटं पण बसलो असणार, मला कळालं न्हाय कुठं काय हाय ते.

भोगीला मी आलतो.

पावणं-बिवणं काय न्हवतं. तू रागावलास त्यानं लई लागलं, म्हणून म्हणलं जाऊन तोंडानं सांगावं. साडेचारला तुझ्या अपार्टमेंटच्या जिन्यात हुतो. दुसऱ्या मजल्यापतोर आलो. कठड्याला हात लावला तर थरथर लागली, म्हणजे वर गाणं चालू हाय. म्हणलं, एवढं तरी वळखू, दोन हाय का चार हाय. दोन्ही हात लावलं. भिंतीला पाठ लावली. कपाळ बी टेकलं. कळंना, अभ्या. तीस वर्सं ज्यापायी तुझ्याशी भांडलो, त्यातलं कुठलं चालू हाय ते कळंना. वर येऊन तुमच्यात बसून काय करू? तुम्ही मान हलवणार, मी तुमच्याकडं बघून मान हलवणार. एक बाई जिना उतरली, तिनं काहीतरी इचारलं, मी व्हय म्हणलं आणि खाली आलो.

अजून एक सांगायचं ऱ्हायलं. चार मी कधीच पुरा ऐकला न्हाय. एक्क्याण्णव साली लावला, सुरवातीला ती बारीक गिटार वाजली, म्हणलं हे काय भजन हाय का, आणि बंद केला. मग तुझ्याशी भांडायचं म्हणून आपल्यातल्या धवलकडनं इचारून इचारून बोलत गेलो, कुठलं गाणं केवढं लांब हाय, शेवटाला काय हाय. वाटलं, ऐकू की कवातरी, कुठं पळून जातंय. आणि खरंच ऐकायला बसलो तवा बारीक आवाज गेलतं. सुरवातीला काहीच वाजत न्हवतं मला. नुसती टेप फिरायची.

तर माझं एवढं काम कर. मला चार लिहून सांग. मार्क देऊ नगंस, भारी हाय असं बी म्हणू नगंस, ते मला ठावं हाय. कुठल्या गाण्यात पहिल्यांदा काय वाजतंय, मग काय वाजतंय, एवढं नुसतं सांग. दोन माझ्या डोक्यात अजून वाजतोय, रोज वाजतोय, मला पाहिजे तवा लावतो. चार तिथं न्हाय.

वैनींना नमस्कार.

गुंडू

*

राजारामपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२४

गुंड्या,

दहा-बारा दिवस झाले तुझं पत्र येऊन. रोज लिहायला बसतो. पहिली ओळ माफीची लिहितो आणि खोडतो. एकदा माफी मागून तुला मी खोटं बोलायला लावलं, आता परत काय मागू? अकरा साली जे बोललो ते एक, आणि डिसेंबरात लिहिलं ते दुसरं. दोन्ही वेळा तुझ्या वर्मावर बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा मला पत्ता नव्हता. मास्तर म्हणवतो स्वतःला.

भोगीचं सांगतो. आठ जणांना बोलावलं होतं. आला एकटा धवल, तोही तासभर फोनवर कुणाशी तरी जागेचा व्यवहार बोलत गॅलरीत उभा होता. भाकरी तशाच राहिल्या, संध्याकाळी वॉचमनला दिल्या. साडेचारला मी खोलीत एकटा बसलो होतो. दोन लावला होता. तू आलास तर दारातूनच तुला ओळखू यावा म्हणून दोनच लावून ठेवला होता, संपला की परत पहिल्यापासून. म्हणजे मी वर एकटा आणि तू खाली एकटा, मध्ये एक मजला. मी एकदा जरी जिन्यात डोकावलो असतो तर. पण मी रागात होतो. ती बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या धोंडुबाई. काल विचारलं त्यांना. म्हणाल्या, एक जण कठड्याला धरून उभे होते, मी विचारलं बरं वाटत नाही का, तर हो म्हणाले.

चारचं तू सांगितलंस ते करायला घेतलं. शाळेतून आलो की वही घेऊन बसतो. एक कडवं ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. आत्तापर्यंत पहिलं गाणं झालंय. बघ.

सुरुवातीला एकच गिटार. तार सावकाश छेडलीय, एकेक. पहिले चार सूर खालून वर जातात, पाचवा तिथंच थांबतो आणि विरतो. परत तेच चार, पण आता पाचवा थोडा खाली उतरतो. असं सहा वेळा. मग पाठीमागून दुसरी गिटार येते, इतकी हळू की आली कधी ते कळत नाही. चाळीस सेकंदांनी ड्रमवर दोन ठोके. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग सगळे एकदम, दोन्ही गिटारी, ड्रम, सगळे, आणि वेग इतका की कारखान्याचा सकाळचा स्विच पडल्यावर पन्नास माग एकदम सुरू व्हावेत. तुला ही जागा आवडली असती. तू पहिल्या चाळीस सेकंदांत बंद केलास, आणखी दोन सेकंद थांबला असतास तर तू माझ्याकडं आला असतास आणि आपलं भांडणच झालं नसतं. मग गाणारा येतो. तो गात नाही, ओरडतो, पण दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याचा आवाज फाटतो आणि तो तसाच ठेवलाय. मध्यावर सगळं परत थांबतं. पहिले चार सूर परत येतात. आता त्यांच्याखाली ड्रम आहे, म्हणून ते वेगळे वाटतात, आधी एकटे होते, आता

इथं थांबलो. एवढं लिहायला आठवडा गेला आणि गाणं सहा मिनिटांचं आहे. अशी अजून सात आहेत. काल सगळं परत वाचून काढलं. मी सांगतो तुला, एक सूरसुद्धा चुकलेला नाही, सेकंद मोजून लिहिलंय. पण वाचताना मला काहीच ऐकू आलं नाही. गाणं मला पाठ असून नाही आलं. तुला कुठून येणार?

माझ्याच्यानं हे होईल असं वाटत नाही, गुंड्या. तरी सोडणार नाही. तू लिहिलंस 'चार तिथं न्हाय', ते डोक्यातून जात नाही. वर्गात फळ्यावर गणित घालतो आणि मध्येच खडू हातात राहतो.

रविवारी येतो. सकाळची गाडी. वही आणतो, हेडफोन आणतो. मी कानाला लावून तुझ्यासमोर बसतो, जसं वाजेल तसं लिहितो, तू लिहिताना बघ. काही कळलं नाही तर पाटीवर विचार. सात रविवार लागले तर लागू देत, सत्तर लागले तरी मला दुसरं काय काम आहे? मोनाला सांग, फक्त दार उघडं ठेव म्हणावं. बाहेरून हाक मारणार नाही. सरळ आत येईन आणि तुझ्या खांद्याला हात लावीन.

अभ्या